दोन बाटल्यांचं गणित

"बाई, तुमचं रक्त कुठल्याच पिशवीशी जुळंना."

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. सकाळी आठला माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन. पायावरचे केस काढून, बीटाडीन लावून पाय पिवळाजर्द केलेला, वर हिरवं कापड गुंडाळलेलं. अशा वेळी रक्तपेढीतला मुलगा वॉर्डात येऊन खाटेशी उभा राहिला. तोंड ओळखीचं वाटलं. सातवी ब. अपूर्णांकांच्या भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा करायला हमखास विसरायचा.

"जुळंना म्हणजे काय रे? ओ पॉझिटिव्ह आहे माझं. पन्नास ठिकाणी लिहिलंय."

"तेच तर बाई. ओच्या सहा पिशव्या लावून बघितल्या, सहाही जुळत नाहीत. डॉक्टरांना सांगितलंय मी. चिडलेत. पण मी काय पिशवी सोडणार नाही."

या मुलाला मी एकदा तासभर फळ्यासमोर उभं केलं होतं. ते त्याच्या लक्षात होतं की नाही ठाऊक नाही, पण त्या रात्री तो आपल्या उत्तरावर ठाम होता आणि उत्तर बरोबर होतं.

मी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमधून एकतीस वर्षं गणित शिकवलं. उभं राहून शिकवायचं, वर घर ते शाळा पायी, त्यामुळे गुडघे लवकरच बोलायला लागले. 2011 मध्ये, चोपन्नाव्या वर्षी, डाव्या गुडघ्याची वाटी बदलली. आमच्याकडे सांधा बदलला असं कुणी म्हणत नाही, वाटीच म्हणतात. तेव्हा रक्त लागलं नाही. लागलं तर बघू म्हणून नुसता गट तपासून केसपेपरवर 'ओ पॉझिटिव्ह' लिहिलं होतं, आणि तेच पुढे सगळीकडे उतरत गेलं. रक्तदान शिबिरात कुणाला कळलं असतं कदाचित, पण तिथे मला दरवेळी 'मॅडम, हिमोग्लोबिन कमी आहे' म्हणून बिस्किटाचा पुडा देऊन परत पाठवायचे. इतरांची रांग लावायचं काम मात्र वर्षानुवर्षं माझ्याकडेच.

दहा वर्षं गुडघ्यानं चांगली साथ दिली. मग बसून उठलं की पहिली चार-पाच पावलं जीवघेणी कळ, नंतर जरा बरं, असं सुरू झालं. एक्स-रेमध्ये सिमेंट आणि हाड यांच्या मधोमध काळी रेघ दिसली. सांधा हाडातून सुटत चालला होता. जुना काढून नवा बसवायचा, त्याला रिव्हिजन म्हणतात. 2023 च्या जानेवारीत आमच्या भागातल्याच एका हॉस्पिटलात तारीख ठरली. हिमोग्लोबिन आलं साडेनऊ. तिथल्या डॉक्टरांनी कागद बघितला न बघितला आणि म्हणाले, "थोडं कमी आहे, पण हरकत नाही. दोन बाटल्या भरून ठेवा." ह्यांनी लगेच दोन पुतण्यांना रक्त द्यायला पाठवलं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. रक्त कमी आहे, तर बाहेरून आणून भरायचं. सोपी बेरीज.

ती रात्र गेली, सकाळी मला उपाशीपोटी घरी पाठवलं. माझा नमुना त्या मुलानं मुंबईला धाडला, केईएम हॉस्पिटलच्या आवारात आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची रक्तविषयक संस्था आहे तिथं. उत्तर आलं: बॉम्बे ब्लड ग्रुप.

हा गट 1952 मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधला, म्हणून ते नाव. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एकाचा असतो. त्या मुलानं फोनवर मला समजावलं तेव्हा तो मास्तर आणि मी सातवी ब. "बाई, ए आणि बी हे वरचे मजले समजा. दोन्ही मजले एच नावाच्या जोत्यावर उभे असतात. ओ गटात मजले नसतात, नुसतं जोतं असतं. तुमच्यात जोतंच नाही. त्यामुळे साध्या चाचणीत तुम्ही ओसारख्या दिसता. पण तुमच्या शरीराला एच परका. ओचं रक्त चढवलं असतं तर शरीरानं ते फोडून टाकलं असतं." फोडून टाकलं असतं म्हणजे काय, ते त्यानं सांगितलं नाही. मी नंतर शोधून वाचलं आणि एक रात्र झोपले नाही.

"आईवडील नात्यातले होते का?" असंही त्यानं विचारलं. होते. आई वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडे मामाची मुलगी करणं म्हणजे घरातली दौलत घरात. ही दौलत अशी निघाली.

यापुढचं सगळं पुण्यात झालं, मुलाकडे राहून. मुलानं आधी काय केलं, तर व्हॉट्सॲपवर निरोप टाकला: 'बॉम्बे ब्लड ग्रुप तातडीने हवा.' दोन दिवसांत फोनचा खच. निम्मे लोक 'माझं बी निगेटिव्ह आहे, चालेल का' विचारणारे. भाबडे, पण चांगले लोक. ह्यांचीही पळापळ सुरू. मी त्यांना एवढंच म्हटलं, आपल्या बागेला पाणी कमी पडलं की तुम्ही आधी टँकर सांगता का ठिबकची गळती बघता? दुष्काळात द्राक्षबाग जगवलेला माणूस, लगेच समजला. पण हे मी तेव्हा सहज बोलले. त्याचा खरा अर्थ कळला तो भूलतज्ज्ञ मॅडमना भेटल्यावर.

पुण्यातले सर्जन कमी बोलणारे. फिल्म दिव्यासमोर धरून म्हणाले, "काम मोठं आहे, पण तुमचं ऑपरेशन मी करण्याआधी मॅडम करतील." मॅडम पस्तिशीच्या असतील. त्यांनी नाडी नंतर बघितली, आधी पॅडवर पेन टेकवलं. माझं वजन साठ किलो. बायकांच्या शरीरात किलोमागे साधारण 65 मिली रक्त, म्हणजे 3900 मिली. रक्त सांडत जाईल तसं हिमोग्लोबिन उतरत जाणार. आठपर्यंत उतरलं तरी धडधाकट माणूस निभावतो, त्याखाली गेलं की रक्त देण्याचा विचार करावा लागतो. "आता सांगा काकू, साडेनऊपासून आठपर्यंत यायला किती रक्त जावं लागेल?"

मी मनातच केलं. साडेनऊ वजा आठ, दीड. दीड भागिले साडेनऊ, गुणिले 3900. सहाशे सोळा.

मॅडमनी कॅल्क्युलेटरवरून डोळे वर केले. मुलगा हसला. मला मात्र हसू येत नव्हतं, कारण सर्जननी आधीच सांगितलं होतं की रिव्हिजनमध्ये लिटर-सव्वा लिटर रक्त सहज जातं. पहिल्या वेळेपेक्षा जास्तच. जुना सांधा सिमेंटमधून सोडवायचा, मागचा सगळा चिकट व्रण कापायचा, नवीन सांध्याची दांडी हाडाच्या पोकळीत खोल उतरवायची, आणि उघडं हाड पाझरत राहतं. त्याला टाका घालता येत नाही.

"आणि तेरापासून सुरुवात केली तर?" मॅडमनी विचारलं.

पाच भागिले तेरा गुणिले 3900. पंधराशे.

काही न करता, म्हणजे पाय न कापता, सुरी न लावता, नुसतं सहा-सात आठवडे थांबून नऊशे मिली रक्त सांडायची सोय होत होती. जवळजवळ अडीच पिशव्या. आणि जानेवारीत मला त्या सहाशे सोळाच्या भरवशावर टेबलावर घेणार होते. वर दोन बाटल्या, ज्या मला चालल्याच नसत्या.

पण मुळात हिमोग्लोबिन साडेनऊ का? हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलाच नव्हता. बाईमाणूस, वय झालेलं, कमीच असणार, असं मीही धरून चालले होते. मॅडमनी गोळ्यांची पिशवी टेबलावर उलटी करायला लावली. रक्तदाबाची एक. मग कधीतरी कुणीतरी 'हृदयासाठी चांगली' म्हणून सुरू केलेली ॲस्पिरिन. आणि डायक्लोफिनॅक, दुखणं थांबवायची गोळी, गुडघ्यासाठी, दोन वर्षं, रोज एक, लग्नकार्य असेल तर दोन. मॅडमनी ती पट्टी बाजूला सरकवली, विंचू सरकवावा तशी. शौचाच्या तपासणीत डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं. दुर्बिणीतून बघितलं तर जठरात या गोळ्यांनी पडलेले बारीक बारीक चट्टे. शरीरातला लोहाचा साठा ज्यावरून मोजतात ते फेरिटिन आलं नऊ, फारच कमी. म्हणजे गळती दोन वर्षं चालूच होती, ऑपरेशनची वाट न बघता.

डायक्लोफिनॅक त्या दिवसापासून बंद. पोटासाठी गोळी सुरू. ॲस्पिरिन हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ऑपरेशनच्या सात दिवस आधी थांबवली, कारण तिनं रक्त गोठायला वेळ लागतो. लसणाच्या कॅप्सूल, माशाच्या तेलाच्या गोळ्या असलं काही घेता का, हेही विचारलं. मी बहिणीनं दिलेला कसलासा काढा घेत होते, तोही गेला.

मग लोह. इथे मी सगळ्या नातेवाइकांची माफी मागते. बीट, खजूर, डाळिंब, काळ्या मनुका आणि लोखंडी कढईतली भाजी असं मला दोन महिने सुचवलं गेलं आणि बेदाण्याच्या गावची असल्यानं मनुका तर माझ्या पाचवीलाच पुजलेल्या. पण मॅडमनी पुन्हा पॅड ओढलं. वजन साठ, गुणिले हवं ते हिमोग्लोबिन वजा असलेलं, म्हणजे साडेतीन, गुणिले 2.4, अधिक साठ्यासाठी 500. उत्तर 1004. एवढे मिलिग्रॅम लोह हवं. गोळ्यांनी पोट आणखी बिघडलं असतं आणि वेळही लागला असता. म्हणून शिरेतून द्यायचं ठरलं. सलाईनच्या बाटलीत तपकिरी, गुळाच्या कडक चहासारखा रंग, वीस मिनिटांत हजार मिलिग्रॅम आत. वीस मिनिटांत! मी खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होते, ते पूर्ण व्हायच्या आत संपलं. पुढच्या तीन आठवड्यांत एकेक एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन, शरीराला नवीन रक्त तयार करायचा हुकूम देणारं. त्यानं रक्तदाब वाढू शकतो, म्हणून रोज वही करून आकडे लिहायचे. बी-बाराचीही इंजेक्शनं झाली. जेवणावर लगेच चहा बंद, ही सगळ्यात मोठी शिक्षा.

थांबणं सोपं नव्हतं, हेही लिहिते. डायक्लोफिनॅक नाही, नुसती पॅरासिटामॉल आणि काठी. रात्री कूस बदलताना गुडघ्यात काहीतरी हलल्याचं कळायचं. फेब्रुवारीत दोनदा तरी मी मुलाला म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते, कापा एकदाचं. त्यानं मला हिमोग्लोबिनचा कागद दाखवला. साडेनऊ, दहा पॉइंट सहा, अकरा पॉइंट नऊ. चढता आलेख बघितला की गणिताच्या बाईला गप्प बसावं लागतं.

मधल्या काळात गुडघ्यातलं पाणी सुईनं काढून चौदा दिवस कल्चरला ठेवलं. सांधा ढिला होण्यामागे जंतू असतील तर सगळंच वेगळं, ऑपरेशनही दोन टप्प्यांत. शिवाय दुसरं एक कारण होतं. ऑपरेशनच्या वेळी सांडलेलं रक्त ओढून घेऊन, धुऊन, गाळून परत त्याच माणसाला देणारं यंत्र असतं, सेल सेव्हर म्हणतात. माझ्यासारखीला ते म्हणजे घरचाच टँकर. पण जखमेत जंतू असतील तर ते वापरता येत नाही. कल्चर निरंक आलं तेव्हा ह्यांनी पेढे आणले. रिकाम्या रिपोर्टवर पेढे वाटणारं आमचं पहिलंच घर असेल.

स्वतःचंच रक्त महिनाभर आधी काढून ठेवावं का, यावरही बोलणं झालं. मला ते फार पटलं होतं. मॅडमना नाही. "आत्ताच कष्टानं वर चढवतोय, त्यातलं साडेतीनशे मिली काढून फ्रिजमध्ये ठेवायचं, तुम्ही खालच्या पायरीवरून सुरुवात करणार, मग ते परत द्यावं लागणार. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात." पटलं.

दाते मात्र मिळाले. बॉम्बे गटाची माणसं एकमेकांना धरून असतात, एकाचा पत्ता लागला की पाच जणांचा लागतो. कोल्हापूरकडचा एक तरुण, फाउंड्रीत काम करणारा, ऑपरेशनच्या आठवडाभर आधी रात्रीच्या गाडीनं आला, सकाळी रक्त दिलं, मुलानं दिलेले प्रवासाचे पैसे घेतले नाहीत, पोहे मात्र दोनदा घेतले. दुसऱ्या पाळीला जायचं होतं त्याला. बेळगावच्या एक ताई, फोन आला तर निघते म्हणाल्या. एक पिशवी फ्रिजमध्ये, एक ताई बेळगावात. एवढीच आमची शिल्लक.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन झालं तेव्हा हिमोग्लोबिन होतं 12.8.

थिएटरमध्ये पहिली आठवण थंडीची यायला हवी, पण माझी उबेची आहे. अंगावर कागदासारखं पांघरूण, त्याला व्हॅक्यूम क्लीनरसारखी नळी, आणि त्यातून गरम हवा. सलाईनही कोमट केलेलं. लाड वाटले मला. मॅडम म्हणाल्या, "लाड नाहीत काकू, अंग गार पडलं की रक्त नीट गोठत नाही." भूल कमरेतून दिली. पूर्ण बेशुद्ध करण्यापेक्षा यात रक्त कमी जातं, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. मग शिरेतून एक छोटं इंजेक्शन. "हे तुमचं ट्रानेक्झॅमिक ॲसिड."

या औषधावरून आदल्या दिवशी घरी गंमत झाली होती. औषधांची यादी वाचताना सूनबाई थबकली. "आई, ही तर माझी पाळीतली गोळी!" आणि खरंच तीच. अंगावरून फार जातं तेव्हा देतात ती. जखमेवर गुठळी धरली की शरीर लगेच ती विरघळवायचं कामही सुरू करतं. हे औषध त्या विरघळवणाऱ्याचा हात धरून ठेवतं. नवीन गुठळी ते करत नाही, झालेली टिकवतं. जपानमधल्या उताको आणि शोसुके ओकामोतो या नवरा-बायकोनं 1962 मध्ये ते जगापुढे मांडलं. युद्धानंतर संशोधनाला पैसे नव्हते, रक्ताचा विषय घेतला तर कमी पडल्यावर स्वतःचं काढता येईल असा त्यांचा हिशेब. उताकोबाई लेकीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करायच्या. मी माझ्या मुलाला शाळेच्या व्हरांड्यात झोळीत घालून त्रैराशिक शिकवलंय, त्यामुळे ही बाई मला एकदम घरचीच वाटली. तिच्या औषधाची खरी किंमत जगाला फार उशिरा कळली. 2010 मध्ये वीस हजारांवर अपघातग्रस्तांवरच्या अभ्यासातून ते जीव वाचवतं हे दिसलं. तेव्हा त्या नव्वदी पार करून गेल्या होत्या.

मांडीला रक्तदाब मोजतात तसला जाड पट्टा बांधलेला मला जाणवला नव्हता, नंतर कळलं. पहिल्या ऑपरेशनला तो सुरुवातीपासून आवळून ठेवला होता. या वेळी सर्जननी तो फक्त सिमेंट लावायच्या वेळेपुरता फुगवला. मी नंतर विचारलं, सगळा वेळ आवळला असता तर रक्त गेलंच नसतं ना? ते म्हणाले, "कापताना दिसत नाही एवढंच. पट्टा सोडला की सगळ्या बारक्या नळ्या एकदम वाहायला लागतात, आणि तोवर मी टाके घालून बसलेलो असतो. मला गळती डोळ्यांसमोर बघून बंद करायला आवडते." सगळेच डॉक्टर असं करत नाहीत, यावर त्यांच्यात मतभेद आहेत, हेही त्यांनीच सांगितलं. पण हे उत्तर ऐकून ह्यांनी त्यांना बागेत यायचं आमंत्रण दिलं.

मला गुंगी दिली होती, तरी कान जागे होते. गॅरेजमध्ये पत्रा ठोकतात तसा आवाज. ठक ठक, थांबून परत ठक. मग करवतीची बारीक किणकिण. कुणीतरी म्हणालं, "सुटला." मग नेलपेंटसारखा उग्र वास, तो सिमेंटचा. आणि या सगळ्यामागे एक आवाज सतत होता, जो मी आता कधीच विसरणार नाही. एका सिस्टरचा. "अठ्ठावीस. छत्तीस. एकतीस." रक्तानं भिजलेली कापडं ती तराजूवर ठेवून वजन करत होती, कोरड्याचं वजन वजा करून मोठ्यानं आकडा सांगत होती, दुसरी सिस्टर फळ्यावर लिहीत होती. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिली. झोपेतही मी बेरीज करत होते म्हणे. मॅडम सांगत होत्या की मी मधेच "हातचा दोन" म्हणाले.

टाके घालायच्या आधी सांध्याभोवती भुलीच्या औषधातून पातळ ॲड्रेनॅलिन टोचलं, नळ्या आकसाव्यात म्हणून. ट्रानेक्झॅमिक थोडं सांध्यातही ओतलं, आणि शिरेतून दुसरा डोस. रक्त बाहेर काढणारी नळी ठेवलीच नाही. कापडांचं आणि ओढलेल्या बाटलीतलं मिळून रक्त भरलं 450 मिली. सेल सेव्हरचं गोळा करायचं भांडं लावून ठेवलं होतं, पण ते धुऊन परत द्यावं एवढं जमलंच नाही. यंत्र तसंच परत गेलं.

पहिली रात्र गुडघा उशांवर थोडा वाकवून ठेवला होता, वर बर्फाची पिशवी. वाकवलेल्या गुडघ्यात रक्त साचायला जागा कमी. तपासणीला रक्त घ्यायला सिस्टर आली ती लहान मुलांच्या बाटल्या घेऊन, करंगळीएवढ्या. रोज मोठ्या तीन बाटल्या भरल्या तर आठवड्यात तपासणीतच पेलाभर रक्त जातं, हे मला कधी सुचलं नसतं. तपासण्याही रोज नाहीत, ज्या लागतील त्याच.

दुसऱ्या दिवशी पोटावर एक इंजेक्शन आलं, रक्त पातळ ठेवायचं. मी हात आडवा धरला. काल गुठळी टिकावी म्हणून औषध देता आणि आज गुठळी होऊ नये म्हणून? मॅडम म्हणाल्या, "जखमेतली टिकली पाहिजे, पोटरीतली झाली नाही पाहिजे. दोन्ही सांभाळायचं म्हणून तर आम्हाला पगार." पोटऱ्यांना हवेचे पंप बांधले होते, ते फुस्स करून आवळायचे आणि सोडायचे. त्यांच्या तालावर मी पाढे म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन 9.3. ह्यांचा चेहरा पडला. मी कागद मागून घेतला. 12.8 वजा 9.3, साडेतीन. भागिले 12.8, गुणिले 3900. एक हजार सहासष्ट. पण फळ्यावर तर 450 लिहिलं होतं! सहाशे मिली गेलं कुठं?

राउंडला आलेल्या सर्जनना मी ते विचारलं. ते काही न बोलता माझ्या मांडीवरची चादर बाजूला करून उभे राहिले. मांडीच्या मागून पोटरीपर्यंत, अगदी घोट्यापर्यंत, जांभळा, काळपट, कडेला हिरवट रंग पसरला होता, पिकलेल्या जांभळांची टोपली उपडी व्हावी तसा. "इथे," ते म्हणाले. रक्त आतल्या आतच झिरपून मांसात मुरलेलं. गुडघ्याच्या ऑपरेशनात असं न दिसणारं रक्त बरंच जातं, आणि तराजूवाल्या सिस्टरला ते कधीच सापडत नाही. ते हळूहळू जिरतं. शिवाय चढवलेल्या सलाईननंही रक्त जरा पातळ होतं, तेव्हा तुमचं उत्तर काटेकोर धरू नका, असं त्यांनी जाता जाता सुनावलं. गणित तपासणारा डॉक्टर मला आवडला.

साडेनऊपासून निघाले असते तर? तेवढंच रक्त गेलं असतं तर सहा पॉइंट नऊ. हा आकडा मी ह्यांना सांगितला नाही.

चक्कर आली, एकदा भिंत धरावी लागली, दम लागायचा. वॉकर घेऊन दाराशी जाऊन आले की कपडे धुऊन आल्यासारखं वाटायचं. पण नऊच्या खाली उतरलं नाही. दहाव्या दिवशी 9.7. त्याच दिवशी रक्तपेढीतून मुलाला फोन आला: तुमच्यासाठी राखून ठेवलेली बॉम्बेची पिशवी सोडायची का, दुसऱ्या गावात एका पेशंटला हवी आहे. मुदत बेचाळीस दिवसांची, त्यातले सतरा गेलेले.

इथे मी खरं लिहिते. ह्यांनी मान हलवली, "टाके निघेपर्यंत राहू दे की." आणि माझ्याही मनात तेच आलं होतं. दोन महिने जीव मुठीत धरून मिळवलेली एकुलती एक पिशवी. रात्रीत काही झालं तर? मुलगा फोनवर हात ठेवून आमच्याकडे बघत होता. मी विचारलं, मॅडम काय म्हणतात? मॅडम म्हणत होत्या, आता गरज पडेल असं वाटत नाही. "मग दे सोडून," मी म्हटलं, पण पट्कन नाही म्हटलं. कुणाला लागली, ते कळलं नाही. कोल्हापूरच्या त्या मुलाला मात्र सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं काकू, तुमच्यात वाया गेली नाही."

घरी परतल्यावर भावंडांच्या मागे लागले. आईवडील दोघांकडून एच न बनवणारा एकेक जनुक आला तरच हा गट होतो, म्हणून सख्ख्या भावंडांत प्रत्येकाला चारात एक शक्यता. आम्ही चौघं. थोरल्या अक्कांचा निघाला. वय बहात्तर, म्हणजे दाता म्हणून उपयोग नाही, पण त्यांचं पडलं-झडलं तर माहीत तरी हवं. अक्का म्हणाल्या, "तीन बाळंतपणं घरात केली मी, कुणी गट इचारला न्हाई." धाकट्याचा ओच आला. मधला अजून सुईला घाबरतोय, साठीचा झाला तरी.

सातवी बमधल्या मुलानं मला एक कार्ड करून दिलंय. लाल स्केचपेननं: 'बॉम्बे गट. ओ चढवू नये.' खाली त्याचा स्वतःचा फोन नंबर. त्यानं ते लॅमिनेट केलं, कोपरे कापले, आणि मी तपासायच्या आत परत घेऊन 'चढवू नये'खाली आणखी एक रेघ मारायची होती म्हणाला. आता लॅमिनेटवर रेघ कशी मारणार? मारली त्यानं, मार्करनं. पर्समध्ये एसटीच्या अर्ध्या तिकिटासाठी ठेवलेल्या आधार कार्डाला ती लाल रेघ थोडी लागली आहे.